तिथं नसलेली नजर

एखादी तारीख मनाशी पक्की धरली की मन फार भरकटत नाही. म्हणून आपण १६ मार्च २०२५ हा रविवार धरू. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेत. मेलबर्नमध्ये दुपारचे तीन, आणि पाऊस लागलेला. अल्बर्ट पार्कच्या तळ्याभोवतीच्या ओल्या रस्त्यावर फॉर्म्युला वनच्या नव्या मोसमाची पहिली शर्यत सुरू व्हायची आहे. इंग्लंडमध्ये पहाटेचे चार. लंडनच्या दक्षिण कडेला बिगिन हिल नावाचं गाव आहे, तिथल्या एका इमारतीत या वेळीही दिवे आहेत. पडद्यांच्या भिंतीसमोर माणसं कानाला हेडफोन लावून बसली आहेत. मेलबर्नच्या पावसाचा एक थेंबही त्यांच्या अंगावर पडलेला नाही. तरी तो पाऊस जगाला कसा दिसणार, किती वेळ दिसणार, कुणाच्या चेहऱ्यावर दिसणार, हे तीच ठरवणार आहेत.

तुम्ही पुण्यात किंवा नांदेडात फोन हातात घेऊन बसला आहात असं समजा. घटना एकीकडची, निवड दुसरीकडची, डोळे तिसरीकडचे. मनन करायचं आहे ते या मधल्या खोलीचं. घाई नाही. शर्यत आज आपल्यासाठी थांबलेली आहे.

आधी जुनी रीत आठवू. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर प्रसारणाची गाडी, ओबी व्हॅन, उभी असायची. जाड केबलींची भेंडोळी, जनरेटरची घरघर, आणि आत अंधारात छोट्या पडद्यांसमोर बसलेला डायरेक्टर. मैदान त्यालाही दिसत नसे. पण ते भिंतीपलीकडे असे. षटकार बसला की प्रेक्षकांचा कल्लोळ पत्र्यातून आत यायचा. चहाला बाहेर पडलं की ऊन किती चढलंय, वारा कुठून आहे, लोक कंटाळलेत की पेटलेत, हे अंगाला कळायचं. आता कॅमेरे, माइक आणि ते सांभाळणारी माणसं तेवढी मैदानावर जातात. डायरेक्टर, चित्रं जोडणारा व्हिजन मिक्सर, रिप्ले काढणारे, आकडे आणि नावं चढवणारे, हे सगळे शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या कायमच्या खोलीत बसतात. याला रिमोट प्रॉडक्शन म्हणतात. फॉर्म्युला वननं २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, या रीतीकडे मोठं पाऊल टाकलं. त्याच वर्षी जुलैत दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनला झालेल्या क्रिकेटच्या एका प्रदर्शनी सामन्याचं समालोचन संजय मांजरेकर यांनी मुंबईतून, इरफान पठाण यांनी वडोद्यातून आणि दीप दासगुप्ता यांनी कोलकात्यातून, आपापल्या घरी बसून केलं होतं. साथ ओसरली, रीत राहिली. सामानाची ने-आण कमी, विमानप्रवास कमी, खर्च कमी. आणि वर्षाला चोवीस शर्यतींच्या मोसमात तंत्रज्ञ शर्यत संपल्यावर आपल्या घरी, आपल्या मुलांजवळ जाऊन झोपतो. हा शेवटचा लाभ मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो. हिशेबाचं एवढं पुरे.

आता एकच दृश्य घ्या. पहिल्या वळणावरून एक गाडी जाते आहे आणि तिच्या मागं पाण्याचा पांढरा फवारा उठला आहे. हे दृश्य भिंगातून आत शिरतं. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचे आकडे होतात. ते आकडे पुन्हा प्रकाशाचं रूप घेऊन काचेच्या तंतूत उतरतात. त्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा माणसाच्या केसाच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतका. तेवढ्या वाटेनं, समुद्राच्या तळाशी, काळोखात, तो पांढरा फवारा निघतो.

ही वाट पाहायला मुंबईकराला लांब जायला नको. वेसाव्याच्या किनाऱ्यावर उभं राहा. पायाखालच्या वाळूतून देशोदेशींच्या समुद्री केबली इथं जमिनीला लागतात. वर कोळ्यांच्या होड्या, वाळत टाकलेले बोंबील, आणि खाली काचेतून धावणारं जग. मेलबर्नची शर्यत नेमकी इथूनच जाते असं मी म्हणत नाही. पण वाट या जातीची असते. आणि ट्रॅकवरची चित्रं बिगिन हिलला पोचवण्याचं काम २०२२ मध्ये ज्या कंपनीनं घेतलं ती टाटा कम्युनिकेशन्स मुंबईचीच. म्हणजे पूर्वाश्रमीचं विदेश संचार निगम. परदेशातल्या भावाशी तीन मिनिटं बोलायला ट्रंक कॉल लावून तासन्‌तास फोनशेजारी बसलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. आज त्याच संस्थेच्या जाळ्यातून शंभराहून जास्त चित्रप्रवाह आणि अडीचशेहून जास्त ध्वनिप्रवाह दर शर्यतीला ट्रॅकपासून बिगिन हिलपर्यंत जातात, तेही २०० मिलिसेकंदांच्या आत.

दोनशे मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. एकदा पापणी मिटून उघडा.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मेलबर्न ते लंडन सरळ रेषेत जवळपास सतरा हजार किलोमीटर. म्हणजे केबल सरळच्या सरळ टाकली आणि यंत्रांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही, तरी ८५ मिलिसेकंद जाणारच. कितीही पैसा ओतला तरी काचेच्या वाटेनं यातला एक मिलिसेकंद कुणाला सोडवून घेता येणार नाही. सृष्टीचा हा नियम कंत्राटात बसत नाही. आणि ताशी तीनशे किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सोळा मीटरहून जास्त पुढं गेलेली असते. बिगिन हिलमधल्या माणसाला गाडी जिथं दिसते, तिथं ती नसते.

इथं मन लगेच म्हणेल, मग हे कसलं थेट? त्याला म्हणू द्या. त्याला घेऊन आपण वानखेडेवर जाऊ. सीमारेषेमागच्या पहिल्या रांगेत बसू. खेळपट्टी साधारण सत्तर मीटरवर. फलंदाजानं चेंडू मारला, तो आपल्याला दिसला, आणि बॅटचा आवाज मागून आला. किती मागून? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. सत्तर मीटरला सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणजे मेलबर्नच्या चित्राला बिगिन हिल गाठायला फार तर जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ बॅटच्या आवाजाला आपल्या कानापर्यंत यायला लागतो. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, उन्हात बसून आपण तिथं हजर असतो, तरी डोळे आधी पोचलेले असतात आणि कान मागून येतात. आपल्याला त्यात कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. मला वाटतं, हजर असणं ही गोष्ट पहिल्यापासून अशी तुकड्यातुकड्यांनीच होत आली आहे. ते तुकडे जोडून 'आत्ता' तयार करायचं काम मन इतकं गुपचूप करतं की आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

त्या खोलीत हेच काम उघडपणे, हातांनी केलं जातं. निरनिराळ्या वाटांनी येणारे प्रवाह एकाच वेळी पोचत नाहीत. आवाज हलका, चित्र जड. चित्राला दाबून लहान करायला आणि पुन्हा उलगडायला वेळ लागतो, म्हणून आवाज पुढं निघून जातो. आवाज थोडा मागं राहिला तर माणसाचा कान चालवून घेतो, कारण निसर्गात तसंच घडतं. पण ओठ हलण्याआधी शब्द ऐकू आला की आपण लगेच चमकतो. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढं गेला तरी खटकायला लागतं, मागं मात्र सुमारे १२५ पर्यंत कळत नाही. म्हणून पुढं आलेल्याला थोपवून धरतात. दिंडीत सगळ्यांत मागं चालणाऱ्या म्हातारीच्या चालीनं पुढच्यांनी पाऊल आखडावं, तसे सगळे प्रवाह सर्वांत सावकाश येणाऱ्याच्या चालीवर आणले जातात. आपल्यासमोर जो 'आत्ता' येतो, तो असा वाट पाहून झालेला असतो.

आता दुसऱ्या टोकाला चला. ट्रॅकच्या कडेला, लाकडी मचाणावर, रेनकोट घातलेला एक कॅमेरामन उभा आहे. खिशात भिंग पुसायचं फडकं. पाण्याचा एक थेंब भिंगाच्या मधोमध बसला की सगळं चित्र गेलं, म्हणून गाड्या नसतील तेवढ्या फटीत त्याचा हात खिशाकडे जातो, फडकं एकदा फिरतं आणि हात परत हँडलवर येतो. त्याच्या कानात टॉकबॅक आहे. टॉकबॅकमध्ये बिगिन हिलचा आवाज आहे. तो आवाज ज्याबद्दल बोलतो ते घडून गेलेलं असतं. चित्र तिकडं जायला वेळ, शब्द इकडं यायला वेळ. दोन्ही मिळून चारशे मिलिसेकंद धरले तर तेवढ्यात गाडी तेहतीस मीटर पुढं. त्यामुळे आज्ञेची वाट पाहणारा कॅमेरामन इथं उपयोगाचा नाही. काय मागितलं जाईल हे त्याला मागण्याआधी कळावं लागतं. आणि डायरेक्टरलाही मान्य करावं लागतं की त्या माणसाच्या नाकाला तापलेल्या ब्रेकचा वास येतो आहे, गर्दी एकाएकी गप्प झालेली त्याच्या कानांना कळते आहे. त्यानं न सांगता कॅमेरा वळवला तर त्याला काहीतरी कारण असेल.

हा विश्वास केबलीतून येत नाही. पूर्वी शर्यतीनंतर ही माणसं एकाच हॉटेलात जेवायची, एकमेकांच्या चुका काढायची, हसायची. तिथं तो जमायचा. आता सतरा हजार किलोमीटरच्या दोन टोकांना असलेल्या दोघांनी वर्षात एकदाही एका टेबलावर चहा घेतलेला नाही, असं होऊ शकतं. तंत्राच्या हिशेबात ही वजाबाकी धरली जात नाही. ती धरली पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. ज्याचा चेहरा आठवतो त्याच्या आवाजातला कंप कळतो.

न दिसणाऱ्या माणसांना दुरून सांभाळणं बिगिन हिलला नवं नाही. १९४० च्या उन्हाळ्यात इथं ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता आणि तळाच्या नियंत्रणकक्षात एक मोठा नकाशा टेबलावर पसरलेला असे. भोवती उभ्या तरुण मुली कानावर येणाऱ्या आकड्यांनुसार त्यावर सोंगट्या सरकवत. एक सोंगटी म्हणजे आभाळातली विमानांची एक तुकडी. विमानं त्यांना दिसत नव्हती. आत बसलेली मुलं बहुधा त्यांच्याच वयाची, कदाचित सकाळी न्याहारीला भेटलेली. सोंगटी सरकवणाऱ्या हाताला हे ठाऊक असायचं. त्या गावाच्या मातीत, न दिसणाऱ्या माणसांचा भार वाहायची सवय अशी जुनी आहे. हा योगायोग आहे, त्याचा फार अर्थ काढू नये. तरी मला तो विसरता येत नाही.

आता जरा कठीण जागी थांबायचं आहे.

२९ नोव्हेंबर २०२०. बहारीन, साखीरचा ट्रॅक, दिव्यांच्या उजेडातली शर्यत. पहिल्याच फेरीत चालक रोमँ ग्रोझाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगानं लोखंडी कठड्यावर आदळली. कठडा फाटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. पहिल्या फेरीत मागोमाग जाणारी वैद्यकीय गाडी काही क्षणांत तिथं पोचली. डॉक्टर इयन रॉबर्ट्स धावत आगीपाशी गेले. ग्रोझाँ सत्तावीस सेकंदांनी त्या आगीतून बाहेर पडला, तेव्हा त्याचे हात भाजलेले होते.

त्या सत्तावीस सेकंदांत बिगिन हिलच्या खोलीत बसा. सुमारे पाच हजार किलोमीटर दूर. समोरच्या भिंतीवर कितीतरी चौकोन आहेत आणि त्यांतल्या काहींत आग आहे. चौकटी बदलायचं बटण बोटाखाली आहे. जग पाहतं आहे. आगीचा भडका पडद्यावर क्षणभर दिसून गेलेला आहे, आणि प्रत्येक घरातून एकच मागणी आहे: पुन्हा दाखवा, काय झालं? आत मात्र कुणालाच माहीत नाही की तो माणूस जिवंत आहे का. आणि त्याची बायको, त्याची मुलं याच चित्राकडे डोळे लावून बसलेली असतील, एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे. फॉर्म्युला वनच्या प्रसारणाचा प्रघात असा, की चालक सुखरूप असल्याचं कळेपर्यंत रिप्ले दाखवायचा नाही. तो त्या रात्री पाळला गेला. आधी ग्रोझाँ दिसला, आगीतून बाहेर आलेला. आदळल्याचं दृश्य त्यानंतर आलं.

दाखवण्यासाठीच बांधलेल्या त्या खोलीत, सगळी यंत्रं तयार असताना, बोट बटणावर न पडू देणं किती जड गेलं असेल, ते मनात आणून पाहा. प्रेक्षक म्हणून आपण दाखवलेल्याचीच किंमत करतो. धरून ठेवलेल्याची किंमत करायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती खोटी होईल. शर्यत तासाहून जास्त वेळ थांबली, आणि एकदा ग्रोझाँ सुखरूप आहे म्हटल्यावर आगीचं दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. पुन्हा शर्यतीत उतरण्यासाठी थांबलेले बाकीचे चालक तेच पडदे पाहत होते. त्यांच्यातला डॅनियल रिकार्डो त्याबद्दल उघडपणे, रागानं बोलला. प्रसारकांची बाजू अशी होती की तो जिवंत असल्याचं सांगून मगच दृश्य दाखवलं. दोन्ही ऐकून मला रिकार्डोचं म्हणणं पटतं. पाच हजार किलोमीटरवरून आगीत सापडलेल्या माणसाची काळजी त्या खोलीनं घेतली. मात्र हेल्मेट हातात घेऊन त्याच ट्रॅकवर परत जायचं असलेल्या बाकीच्यांची काळजी तिच्या ध्यानातून निसटली. दूर असण्याचा खरा धोका मला इथं दिसतो. चित्राच्या चौकटीतला माणूस डोळ्यांसमोर राहतो, चौकटीबाहेर उभा असलेला राहत नाही. डायरेक्टर तिथं असता, गॅरेजबाहेर दोन पावलं चालला असता, तर चौकटीबाहेरचा तो माणूस त्याला दिसला असता.

परत मेलबर्नच्या पावसात येऊ. इसाक हाजार, वय वीस, फॉर्म्युला वनमधली आयुष्यातली पहिली शर्यत. शर्यतीआधी सगळे मिळून एक सावकाश फेरी मारतात. त्या फेरीतच ओल्या रस्त्यावर त्याची गाडी गर्रकन फिरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. शर्यत सुरूही झाली नव्हती, आणि त्याची संपली. तो चालत परत निघाला, हेल्मेट न काढता, हात डोक्याला लावून. जगभर ते दिसलं. रडणं हेल्मेटच्या आत होतं, पण खांद्यांवरून ते लपत नव्हतं.

एक मुलगा मेलबर्नमध्ये मोडून पडला आहे आणि ते चित्र पहाटेच्या इंग्लंडमधल्या खोलीतून जगाला जातं आहे. ते दाखवावं का? किती वेळ? जवळून की लांबून? अशा वेळी कॅमेरा जवळ जाऊ शकतो, काच, बाही, हातमोजा सगळं भरून दाखवू शकतो. ते करता येणं आणि करणं यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो. त्यानं त्या क्षणी चालकाला काय म्हणून पाहिलं, स्पर्धक म्हणून, बातमी म्हणून, की कुणाचा तरी मुलगा म्हणून, यावर चौकट ठरते.

आणि मग त्या चित्रात दुसरा एक माणूस आला. अँथनी हॅमिल्टन, लुइस हॅमिल्टनचे वडील. आपल्या मुलाला लहानपणापासून शर्यतींना नेलेला बाप. हा मुलगा त्यांचा नव्हता, त्यांच्या मुलाच्या संघातलाही नव्हता. त्यांनी त्याला जवळ घेतलं, त्याच्याशी बोलले आणि त्याच्याबरोबर चालत राहिले. ते काय बोलले हे त्या क्षणी आपल्याला ऐकू आलं नाही. आलं नाही हे बरं झालं.

या चित्रापाशी हवा तेवढा वेळ थांबा. इथं दोन प्रकारचं हजर असणं एका चौकटीत आलं आहे. एक पाहणारं, सतरा हजार किलोमीटरवरून, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पोचणारं, कोट्यवधी डोळ्यांचं. दुसरं हात ठेवणारं, ओलं झालेलं, एकट्याचं. पहिलं नसतं तर दुसरं आपल्याला कधी कळलं नसतं. दुसरं नसतं तर पहिल्यानं त्या मुलाची लाज तेवढी जगभर वाटली असती. मी या दोघांत वरचढ कोण हे ठरवू पाहत नाही. फक्त एवढं म्हणतो की त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकानं कधीतरी ट्रॅकवर, पावसात, कुणाच्या तरी शेजारी उभं राहिलेलं असावं. मोसमातून एखादी शर्यत तरी. खर्चाच्या वहीत त्याला जागा करावी.

उरला आपला स्वतःचा वाटा. बिगिन हिलहून निघालेलं चित्र उपग्रह, केबल, मोबाइलचा टॉवर असं करत आपल्याकडे यायला आणखी बरेच सेकंद घेतं. शेजारच्या घरातला आरडाओरडा आपल्या पडद्याआधी ऐकू येतो, ते यामुळेच. म्हणजे त्या साखळीत सर्वांत मागं आपण. ज्याच्या चालीवर कुणीच पाऊल आखडत नाही, असा शेवटचा माणूस.

पुढच्या एखाद्या शर्यतीत गाडी आदळेल, आणि पडद्यावर एकदम दुसरंच काही दिसू लागेल: सावकाश चालणाऱ्या बाकीच्या गाड्या, पिटमधले वर पाहणारे चेहरे, आकाशातून घेतलेलं लांबचं दृश्य. मन अस्वस्थ होईल, बोट दुसरीकडे कुठं क्लिप मिळते का ते शोधायला निघेल. त्या वेळी फोन खाली ठेवा आणि चालकाचं नाव मनात धरा. ट्रॅकवर कुणीतरी पळत गेलं आहे. रेडिओवर कुणीतरी विचारतं आहे. दूरच्या त्या खोलीत कुणीतरी उत्तराची वाट पाहतं आहे, आणि तोवर बोट उचलून धरलेलं आहे. काही वेळानं रिप्ले दिसेल. तो सहसा निरोप आल्यावरच दाखवतात.